आतली कडी

दार वाजलं तेव्हा शेखर पुढच्या खोलीत अकरावीचे अर्थशास्त्राचे पेपर तपासत होता. मागणी आणि पुरवठा यांच्यात कुठलाही संबंध नाही, असं ठामपणे लिहिणाऱ्या एका मुलाला त्या ठामपणाबद्दल अर्धा गुण देता येईल का, या विचारात तो होता. "अर्जुनराव आहेत का घरी?" असं कोणीतरी विचारलं. आवाज अदबशीर होता, दुसऱ्याच्या ओट्यावर उभं राहिल्यावर माणसाचा होतो तसा. मान वर न करता शेखर म्हणाला, "आहेत. बसा, बोलावतो." "बरं. बसतो," असं उत्तर आलं. मग कोणी आलंच नाही. पेपर बाजूला ठेवून तो बाहेर गेला, तर फाटक लावलेलं, ओट्यावर ऊन आणि उन्हात शेजारच्यांचं मांजर. चिखलीत पाहुणा असा परत जात नाही, चहा घेतल्याशिवाय तर नाहीच. तेवढ्यात दार पुन्हा वाजलं, तसंच हळू, दोनच बोटांनी, आणि या वेळी आवाज मागून आला. मागच्या अंगणातल्या न्हाणीघराच्या पत्र्याच्या दारातून. वडील आत होते. आतून कडी लावून ते दार ठोठावत होते आणि आपण घरी आहोत का, असं विचारत होते.

प्रश्न तसा चुकीचा नव्हता, हे शेखरला लगेच जाणवलं आणि ते जाणवल्याची लाजही वाटली. त्याने मूठ धरून दार ओढलं. पत्रा फुगला, कडी हलली नाही. त्याची बायको रेणुका दोरीवर कपडे टाकत होती, ती ओलं लुगडं खांद्यावर तसंच घेऊन आली. तिने दाराला कान लावला, मामाजी, कडी सरकवा म्हणून सांगून पाहिलं. आतून समजुतीच्या सुरात उत्तर आलं की कडी तुमच्या बाजूने असेल, पाहा जरा. त्यांच्या बाजूने हे बरोबरच होतं. ते बाहेर उभे होते, ऊन फक्त तिथे नव्हतं. नळ चालू होता आणि ते अधूनमधून विचारत होते की पावसाचं काही खरं नाही, आत घेता का. तासभर असं चाललं. शेखर शिडी आणायला निघाला, झरोक्यातून आत उतरता येतं का पाहायला. झरोक्यातून मांजरच जाऊ शकलं असतं. मग रेणुका एकदम वेगळ्या आवाजात, लग्नघरातल्या आवाजात म्हणाली, "मामाजी, पाहुणे आले. साखरखेर्ड्याचे. दारात उभे हायेत." आत क्षणभर नळाचाच आवाज. मग कडी खाडकन सरकली आणि टॉवेल गुंडाळलेले, ओलेचिंब अर्जुनराव हात जोडून उभे राहिले. या, या, म्हणाले, उन्हाचे आले. शेखरकडे नीट पाहून त्यांनी विचारलं, "आपण कोणीकडचे?"

'आपण' हा शब्द त्याला पत्र्याच्या कडेसारखा लागला. त्यांच्या घरात हा शब्द नव्हता. वडील साखरखेर्ड्याहून निघून मोताळ्याच्या पंचायत समितीत कारकून म्हणून लागले आणि तिथेच हेडक्लार्क झाले, तेव्हा म्हणे पुण्याकडचा एक साहेब त्यांच्या बोलण्याला हसला होता. सगळ्यांसमोर, 'मले' या एका शब्दावर. त्या दिवसापासून अर्जुनरावांकडे दोन भाषा झाल्या, दोन सदऱ्यांसारख्या. कचेरीत 'मला, तुम्हाला, कृपया'. घरी 'मले, तुले, काऊन बे'. उंबऱ्यावर चप्पल काढताना ते पहिली भाषा चपलेबरोबर काढून ठेवत, आणि लहानपणी शेखरला चपलेचा आवाज आला की आता आपल्याशी कोणत्या भाषेत बोलतील याची धास्ती कधी वाटली नव्हती, कारण आत एकच होती. बारावीत नापास झाला तेव्हा ते "तुले अक्कल कवा येईन बे" म्हणाले होते, आणि प्राध्यापक झाला तेव्हाही तेच. आता आजाराने बाकी सगळं उलटंपालटं केलं होतं, पण हा एक नियम अजून शाबूत होता. 'बे' म्हणजे त्यांनी ओळखलं. 'आपण' म्हणजे नाही. डॉक्टरांकडे मेंदूचे फोटो काढायचं यंत्र होतं. शेखरला त्याची गरज नव्हती, तो सकाळी चहा देताना एक प्रत्यय ऐकायचा. गेल्या दिवाळीपर्यंत दिवसभर 'ले' असायचं. मग फक्त सकाळी. आता कधी येईल सांगता येत नव्हतं, आणि तो वर्गात शिकवत असतानाही, घरी या क्षणी कदाचित 'ले' चालू असेल आणि ते ऐकायला रेणुकाशिवाय कोणी नसेल, असं वाटून त्याचं लक्ष उडायचं.

बुलडाण्याच्या डॉक्टरांनी आतल्या सगळ्या कड्या काढून टाकायला सांगितलं. मीठ कमी करा, याच सुरात. काजलने, म्हणजे मुलीने, पुण्याहून फोनवर एका कुलपाचा फोटो पाठवला. आतून लागतं आणि अडचण आली तर बाहेरून नाण्याने उघडतं. फार चांगलं होतं, फक्त लाकडी दाराला बसणारं होतं. रेणुका रात्रीच्या भाकरी थापताना एवढंच म्हणाली, "अहो, दर वेळी पाहुणे कुठून आणू मी?" खोल्यांच्या कड्या सुताराने एका सकाळी काढून दिल्या. न्हाणीघराच्या लोखंडी दाराला त्याने हात लावला नाही. कटर मारावा लागेल म्हणाला. कटरचा आवाज ऐकला की अर्जुनराव पलंगाखाली शिरत, मागे शेजारच्या बांधकामाच्या वेळी शिरले होते आणि बाहेर येताना त्यांना पलंग कोणाचा हे कळत नव्हतं. म्हणून रविवारी शेखर स्वतः न्हाणीघराचं दार उघडं टाकून, पेचकस घेऊन अंगणात बसला. चार बारीक स्क्रू. कडीच्या पट्टीला चार कोपऱ्यांत चार, अधिकच्या चिन्हाची डोकी, गंजाने तपकिरी.

पहिल्याच झटक्याला पेचकस खाचेतून निसटला आणि मनगटापासून खांद्यापर्यंत कळ गेली. खाचेची एक कड किंचित गोल झाली. ती गोल झालेली कड पाहताना त्याला आपलं नुकसान झाल्यासारखं वाटलं. स्क्रू बिघडतो तो असा, माणूस चिडल्यावर. एकदा खाच गेली की धरायला काही उरत नाही, मग तुम्ही बरोबर असा की चूक, तो नुसता गोल असतो. त्याने सुईने खाचेतला गंज खरवडला. डब्यातून नेमका बसेल असा पेचकस शोधला, कारण जवळपास बसणारा पेचकस हाच खरा शत्रू, हे कुठल्याशा व्हिडिओत एक माणूस फार कळवळून सांगत होता. तेलाचा थेंब सोडला. तेलाला झिरपायला वेळ द्यावा लागतो, तेवढा तो नुसता बसून राहिला. रस्त्यावरून जीपवाला मेहकर, मेहकर म्हणत गेला, जसं काही मेहकरला गेल्याने कोणाचं काही सुटणार होतं. स्क्रू निघत नाही याची कारणं दोनच, गंज किंवा माणूस. इथे दोन्ही होती, आणि माणूस तोच होता.

दोन वर्षांपूर्वी ही कडी ढिली झाली होती. पत्र्याचं दार आपटतं, प्रत्येक आपटण्यात स्क्रू केसभर मागे सरकतो, आवळला की पुन्हा सरकतो. एका दुपारी अर्जुनराव आंघोळ करत असताना पट्टी गळून पडली आणि वाऱ्याने दार सताड उघडलं. समोर रेणुका कुरडया वाळत घालत होती. तिने तोंड फिरवलं, ती आत गेली. पण वडील दोन दिवस जेवायला खोलीबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी शेखर कॉलेजला निघताना त्याला फाटकाशी अडवून, दुसरीकडे बघत ते म्हणाले, "कडी पक्की करून दे मले." आयुष्यात त्यांनी त्याला सांगितलेलं हे बहुधा एकमेव काम. एरवी घरातलं प्रत्येक दुरुस्तीचं काम ते स्वतः करत, रेडिओ, इस्त्री, शेजाऱ्यांचे मिक्सर, आणि शेखरने मध्ये हात घातला की "तू पुस्तक वाच" म्हणत. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळलं की त्यांचे हात आता स्क्रूवर विश्वास ठेवत नाहीत.

गोकुळच्या हार्डवेअरच्या दुकानात त्याने स्क्रूच्या आट्यांना लावायचं औषध मागितलं. गोकुळने दोन बाटल्या काढल्या. निळी लावली की स्क्रू हालत नाही पण काढायचा म्हटलं तर निघतो, लाल लावली की निघत नाही, एवढं सांगून तो म्हणाला, "सर, कोनती देऊ?" शेखरला तेव्हा हा प्रश्नच विनोदी वाटला. पुढे कधी काढता येईल अशी वस्तू आमच्याकडे कोण मागून नेतं? नोकरी पक्की, घर पक्कं, रस्ता पक्का, लग्न तर पक्कं झाल्याशिवाय कोणाला सांगायचंही नाही. पक्कं म्हणजे परत विचार करावा लागणार नाही असं. निघणारी निळी बाटली ही काही तरी भाडेकरूंसाठी केलेली सोय वाटली. त्याने लाल घेतली. बाटलीवर लिहिलं होतं की बारीक स्क्रूसाठी ही वापरू नये आणि एक थेंब पुरे. त्याने पुसून कोरड्या केलेल्या आट्यांना भरपूर लावलं, कारण वडिलांसाठी करत होता. बाहेर आलेली टोकंही घासून सपाट केली, कोणाला लागू नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी अर्जुनरावांनी कडी धरून दार हलवून पाहिलं. त्या दुपारी त्यांनी शेखरला रेडिओ उघडून दाखवला, आतलं काय कशाला जोडलंय ते, आणि तो पन्नाशीचा माणूस कळत नसताना मान हलवत बसला होता.

तेल लावून, पेचकस आणि खाच यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा धरून, अंगाचा भार देत त्याने खाच गोल झालेला शेवटासाठी सोडून दुसऱ्या एका स्क्रूला आधी किंचित आवळलं. सोडवायचं असेल तर आधी आवळून बघायचं, गंजाची धर तिथेच तुटते. कर्र असं झालं आणि तो फिरला. शेखरने तो बाहेर काढून नखाने आटे खरवडून पाहिले. लाल काही नव्हतं. तिथे तेव्हा ग्रीस राहून गेलं असावं, औषध धरलंच नाही. म्हणजे जिथे त्याने हयगय केली होती तेवढी जागा सुटली. बाकीचे तीन, मन लावून केलेले, जागचे हलले नाहीत.

"काय करून राह्यला बे?"

त्याचा हात थांबला. वडील मागे प्लास्टिकच्या खुर्चीत उन्हाला बसले होते, कधी येऊन बसले त्याला कळलं नव्हतं. 'बे' ऐकून त्याच्या छातीत काहीतरी इतकं ढिलं झालं की वळून पाहायची हिंमत होईना. पाहिलं की जाईल, असं वाटलं. आणि लगेच दुसरं आलं, की नेमकं आत्ताच काऊन. सगळा आठवडा 'आपण' चालू होतं. 'आपण' म्हणणाऱ्या गृहस्थांची कडी काढणं सोपं होतं.

"कडी ढिली झाली बाबा," तो दाराकडे बघतच म्हणाला. "पक्की करून राह्यलो."

"कर." खुर्ची करकरली. "पक्की कर. मागं हवेनं दार उघडलं व्हतं. सूनबाई समोर व्हती."

त्यांना आज सकाळी खाल्लेलं आठवत नव्हतं. आई गेली हे आठवत नव्हतं, ती मोताळ्याच्या बाजाराला गेली असं ते संध्याकाळी सांगत. साठ वर्षांची माणसं, गावं, फायली, सगळं घेऊन जाताना आजाराने हे एवढं मागे ठेवलं होतं, कपाट हलवणारे हमाल एखादा खिळा भिंतीत ठेवून जातात तसं. शेखरला वाटलं, खरं सांगावं. बाबा, तुम्ही अडकता आत, म्हणून काढतोय. ते ऐकतील, समजतील, कदाचित बरोबर आहे म्हणतील, आणि अर्ध्या तासाने विसरतील. मग पुन्हा सांगावं लागेल. प्रत्येक वेळी ती लाज पहिल्यांदाच होईल. त्याने पेचकस पुन्हा उचलला. न सांगण्याचं कारण दया आहे की भित्रेपणा, हा प्रश्न त्याने अकरावीच्या पोरांसारखा पुढच्या प्रश्नासाठी सोडून दिला.

लाल औषध हरतं ते एकाच गोष्टीला, उष्णतेला. हेही व्हिडिओतल्या त्या कळवळलेल्या माणसाने सांगितलं होतं. शेखरने आतून वायर ओढली आणि डब्यातला डाग द्यायचा, म्हणजे सोल्डरिंगचा, जुना कया तापायला ठेवला. त्याचं टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवलं, पण एका हाताने कया आणि एका हाताने पेचकस हे जमेना, टोक घसरून पट्टीवर जात होतं. मागून सावली आली. "माहा कया हाये तो," अर्जुनराव म्हणाले आणि त्यांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला, लहानपणी घ्यायचे तसा, तू पुस्तक वाच. कप धरताना चहा सांडणारा हात कया धरल्यावर थरथरला नाही. टोक स्क्रूच्या बरोबर मध्यावर टेकलं आणि टेकलेलं राहिलं. दोघं कितीतरी वेळ असे अगदी जवळ बसले. वडिलांच्या अंगाला साबणाचा आणि औषधांचा वास होता. मग जळक्या साखरेसारखा तिखट वास सुटला, बारीक धूर आला. "आता," ते म्हणाले आणि कया उचलला. शेखरने दाबून पिळलं आणि स्क्रू सुटला. तापलेला, वळणांत तांबडी भुकटी. अर्जुनराव समाधानाने हुंकारले. आपल्याच दाराची कडी ते आपल्याच हाताने मोकळी करून देत होते आणि गेल्या कित्येक महिन्यांत इतके बरे दिसले नव्हते. तिसरा. मग चौथा, खाच गोल झालेला, त्याला दोनदा तापवावं लागलं. तेवढा वेळ शेखर मनात म्हणत होता, हा निघू नये. हा एक तरी नको. आपण खोटं बोललो तेवढं एका स्क्रूपुरतं तरी खरं राहील.

निघाला. पट्टी त्याच्या तळहातात पडली, कोमट.

"लाव आता," वडील म्हणाले.

"लावतो."

"निळं लावजो. लालनं मंग निघत नाही."

त्याने जमिनीवरचे चारही स्क्रू वेचले. मग कडी आणि स्क्रू वाटीत घेऊन आत गेला, स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवले, पाणी प्यायला. रेणुकाने वाटीत पाहिलं आणि ती उचलून पिठाच्या डब्यामागे ठेवली. तो परत आला तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि न्हाणीघराचं दार ओढून घेतलेलं होतं. पत्र्यात चार भोकं दिसत होती. आतून एक हात आला. चारही भोकांवरून तो सावकाश फिरला, एकेक झाकली गेली, एकेक उघडली. मग काहीच नसलेल्या जागी तो हात डावीकडून उजवीकडे सरकला, ठाम, सरावाने. आणि आतून अर्जुनरावांचा आवाज आला, "हां. आता झाली पक्की."

त्यानंतर 'बे' आलं नाही. शेखर सकाळी चहा देताना थांबायचा, कप हातात देऊन रेंगाळायचा, मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलायचा, म्हणजे ते चिडतील आणि चिडल्यावर तरी. ते चिडत नव्हते. धन्यवाद म्हणत. "मला साखर चालेल," म्हणत. घरात सगळे दाराची मूठ आतून एका हाताने धरून दुसऱ्या हाताने आंघोळ करायला शिकले होते. रेणुका आपल्या आंघोळीच्या वेळी त्याला बाहेर उभं करायची. त्याच्या स्वतःच्या वेळी बाहेर कोणी नसे. वडिलांच्या लहानपणी साखरखेर्ड्याच्या घरी न्हाणीला दारच नव्हतं, पावलं ऐकू आली की आतल्याने नुसतं 'हाये' म्हणायचं आणि येणाऱ्याने मागे फिरायचं. ते कधी तरी हसत सांगितलेलं त्याला आठवलं होतं आणि त्यावर त्याने भिस्त ठेवली होती.

एका सकाळी कॉलेजची घाई होती. साबण डोळ्यांत गेला म्हणून दाराची मूठ सुटली, आणि अंगणात चपलांचा आवाज आला. चपला घालून, म्हणजे बाहेरून आल्यासारखे. "हाये," शेखर म्हणाला. चपला थांबल्या नाहीत. "हाये बाबा. मी हाये." दार सताड उघडलं. कोवळं ऊन एकदम आत आलं आणि त्यात अर्जुनराव, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. त्यांनी पाहिलं, लगेच नजर बाजूला वळवली, फार सभ्यपणे, त्या दुपारी रेणुकाने वळवली होती तशी.

"माफ करा," ते म्हणाले. "मला शेखरला भेटायचं होतं. इथेच राहतो ना?"

शेखरच्या कानांवरून फेस ओघळत होता. तो काय म्हणणार होता आणि कोणत्या भाषेत, हे त्याला नंतर कितीही आठवून सापडलं नाही. ओठांवर 'मीच बे' आलं होतं बहुतेक.

"इथेच राहतात," तो म्हणाला. "बाहेर गेलेत. बसा ना आपण."

"बरं. बसतो." त्यांनी दार हळूच, कडेला धरून, आवाज होऊ न देता लावून दिलं. शेखरचा हात सवयीने कडीकडे गेला आणि भोकांवर थांबला. चार भोकांतून उन्हाचे चार ठिपके त्याच्या ओल्या पोटावर पडले होते. बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, जवळ, आणखी जवळ, पार दाराला टेकेपर्यंत. वाट पाहणारा माणूस दाराला पाठ टेकून बसतो तसे ते बसले असावेत. पोटावरचे ठिपके एकेक करून गेले. त्याने दार ढकलून पाहिलं. हललं नाही.